ॲप कुठलं घेऊ ते नंतर, आधी उडणार कुठे ते सांग

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलगा देवगडचा, बारावी सायन्स, पायलट व्हायला लागणारं क्लास वन मेडिकल झालंय, मेट म्हणजे हवामान आणि रेग्युलेशनचे पेपर सुटलेत, नेव्हिगेशनचा बाकी आहे. पुढच्या महिन्यात बारामतीला फ्लाइंगसाठी जातोय. वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे पैसा मोजून मापून. अमेरिकेत असलेला आतेभाऊ रोज फोन करून सांगतोय की आयपॅड घे, फोरफ्लाइट हे पायलटांचं नकाशांचं ॲप घे, बाकी सगळं विसर. दुकानात जाऊन बघून आलाय, वायफायवाला आयपॅड सिमवाल्यापेक्षा दहा-पंधरा हजारांनी स्वस्त पडतो, तर तोच घेऊ का आणि ॲप हेच घेऊ का दुसरं कुठलं?

बाळा, आत्ता दोन्ही घेऊ नको. का ते सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न मला दर बॅचला कोणी ना कोणी विचारतंच. मी रत्नागिरीचा, इन्स्ट्रक्टर म्हणून वीसच्या वर वर्षं काढली, कागदी नकाशावर शिकलो आणि नंतर टॅब्लेटवरही भरपूर उडलो, त्यामुळे मी काही ॲपच्या विरोधातला म्हातारा नाही हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट. ईएफबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग, पायलट लोक जी जाडजूड काळी बॅग घेऊन फिरायचे, चार्ट, मॅन्युअल, परफॉर्मन्सची टेबलं, ती सगळी टॅब्लेटमध्ये. जेपसन नावाचा अमेरिकन पायलट होता, त्याने स्वतःच्या वहीत धावपट्ट्यांची, टाक्यांची, डोंगरांची टिपणं काढली आणि १९३४ मध्ये ती विकायला सुरुवात केली, तिथून हा सगळा धंदा उभा राहिला. म्हणजे मुळात विकली गेली ती माहिती. आजही तेच आहे. ॲपचा तो चकचकीत स्क्रीन ही नुसती टोपली, आत आंबे कुठल्या बागेतले आणि कधी उतरवलेले ते बघायचं असतं.

तुझा आतेभाऊ खोटं बोलत नाहीये. त्याच्या देशात फोरफ्लाइट खरंच भारी आहे, कारण तिथलं सरकार चार्ट फुकट डिजिटल स्वरूपात देतं, जमिनीवरच्या स्टेशनांमधून हवामान सरळ कॉकपिटमध्ये रेडिओवर येतं, छोटा रिसिव्हर ठेवला की रडारचं चित्र स्क्रीनवर, त्याचे पैसे नाहीत. ती एफआयएस-बी नावाची सेवा अमेरिकेची आहे, आपल्याकडे नाही. तोच रिसिव्हर घेऊन तू फलटणवर उडालास तर हवामानाच्या पानावर काही येणार नाही. म्हणजे त्या ॲपमध्ये तो ज्या चार गोष्टींचे पैसे भरतो त्यातल्या दोन-तीन इथे बंद, आणि पैसे मात्र डॉलरमध्येच पूर्ण.

देशानुसार बघायचं तर साधारण असं आहे. अमेरिका-कॅनडाला जाणार असशील तर फोरफ्लाइट किंवा गार्मिन पायलट, यातलं फोरफ्लाइट फक्त आयपॅड-आयफोनवर चालतं, गार्मिनचं अँड्रॉइडवरही चालतं. ऑस्ट्रेलियाला गेलास तर तिथे ओझरनवेज आणि ॲवप्लॅन, शाळेत सगळ्यांकडे यातलंच एक असतं. युरोप-इंग्लंडला स्कायडेमन. एअरलाइनमध्ये गेलास की जेपसन किंवा लिडो, आणि ते कंपनीच देते, टॅब्लेटसकट, तुला खिशातून काही घालायचं नाही. आणि भारतात ट्रेनिंग करणाऱ्या मुलासाठी, एकशे बावन्न किंवा एकशे बाहत्तर सेसना या छोट्या विमानांवर दिवसा व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडणाऱ्यासाठी, खास इथल्या डेटावर बनवलेलं असं एकही ॲप मी तुला छातीठोकपणे घे म्हणून सांगणार नाही. परदेशी ॲपमध्ये जगाचा बेस मॅप येतो, भारताचे जेपसन चार्ट जादा पैसे भरून मिळतात, पण सोलो क्रॉस कंट्रीसाठी, म्हणजे एकट्याने लांब उडायला, तुला त्या यंत्रांवर बघून उडायच्या इन्स्ट्रुमेंट चार्टांचं करायचंय काय?

फुकट काय मिळतं ते बघ आधी. एअरपोर्ट ऑथॉरिटीच्या एआयएम इंडियाच्या साइटवर आपली पूर्ण ई-एआयपी, म्हणजे देशाच्या हवाई माहितीचं पुस्तक आहे, विमानतळांचे चार्ट, फ्रिक्वेन्सी, डेंजर-रिस्ट्रिक्टेड एरिया, सप्लिमेंट, सगळं. एक पैसा लागत नाही आणि हाच अधिकृत कागद, बाकी सगळे इथूनच उचलतात. ही माहिती दर २८ दिवसांच्या एआयरॅक सायकलने बदलते, वर्षात १३ वेळा. तारखा आधीच ठरलेल्या असतात, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेव.

आता मुलं काय करतात ते मला माहितीय. सीनियरकडून व्हॉट्सॲपवर पीडीएफचा गठ्ठा येतो, जेपसनचे चार्ट, कुठल्या साली कोणी काढले देव जाणे, आणि तोच बॅच टू बॅच फिरतो. चोरीचा माल हा मुद्दा बाजूला ठेव, आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण घे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मोपा जानेवारी २०२३ पासून. नवी मुंबईची विमानं डिसेंबर २०२५ मध्ये उडायला लागली. म्हणजे सव्वाचार वर्षांत एकाच किनारपट्टीवर तीन नवीन विमानतळ, त्यांच्या फ्रिक्वेन्सी, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा. २०२० चा गठ्ठा घेऊन बसलेल्या पोराच्या हिशोबाने मुंबई ते दाभोळी मोकळं रान आहे! आणि अपडेट हे फक्त विद्यार्थ्यांचं दुखणं नाही, २०१५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या एअरलाइनची कितीतरी उड्डाणं उशिरा सुटली कारण पायलटांच्या आयपॅडवरच्या ॲपमध्ये एका विमानतळाचा चार्ट दोनदा आला आणि ॲपच बंद पडलं. त्यांच्याकडे निदान विचारायला ऑफिस होतं.

म्हणून ॲप घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा की माझ्या देशाचा डेटा कुठून येतो, किती दिवसांनी बदलतो आणि जुना झाला की ॲप मला ठळक अक्षरात सांगतं का. स्क्रीनचे रंग, थ्रीडी डोंगर, हे सगळं त्याच्यानंतर.

आता जरा कागद काढ. तुला जिथे शिकायचंय तिथून आपल्या घराकडचाच रूट घेऊ, बारामती ते रत्नागिरी. उतरायला नाही हं, रत्नागिरीची धावपट्टी कोस्ट गार्डकडे आहे, परवानगीशिवाय तिकडे फिरकायचं नाही, फक्त सरावाला. मी हा रूट नेहमी देतो कारण यात सगळं आहे, पठार, घाट, खाडी आणि समुद्र.

सरळ रेष मारलीस तर साधारण १०२ नॉटिकल मैल येतात, ट्रॅक म्हणजे रेषेची दिशा २२५ डिग्री. वन मिलियनच्या, एकास दहा लाख प्रमाणाच्या नकाशावर म्हणजे १९ सेंटिमीटरला जरासं कमी. गंमत म्हणजे ही रेष फलटण डाव्या हाताला ठेवून थेट साताऱ्यावरून जाते, ४७ मैलांवर, मग ६८ मैलांवर जवळजवळ कोयना धरणाच्या भिंतीवरून, मग संगमेश्वर, मग रत्नागिरी. ओळखायला सातारा म्हटलं की अजिंक्यतारा, कोयना म्हटलं की शिवसागरचं लांबलचक पाणी, चुकायची सोयच नाही. व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यातला फरक, आपल्या भागात जवळजवळ शून्य, त्यामुळे ट्रू आणि मॅग्नेटिक सारखंच धरलं तरी चालून जातं. (हीच सवय घेऊन पोरं अमेरिकेला जातात आणि तिथे पंधरा-पंधरा डिग्रीचं व्हेरिएशन बघून तोंडात बोट घालतात, पण ते असो.)

आता विमान ९० नॉट्सचं धर. वारा नसेल तर ६८ मिनिटं. पण दुपारी पश्चिमेचा वारा धर, २७० वरून २० नॉट्स. व्हिझ व्हील, म्हणजे वारा आणि वेळेचं गणित करायची गोल चकती, फिरव. नऊ डिग्री उजवीकडे नाक ठेवावं लागतं, हेडिंग २३४, आणि ग्राउंड स्पीड उरतो ७५. वेळ ८२ मिनिटं. चौदा मिनिटं वाढली. १५२ ला तासाला तेवीस लिटरच्या आसपास पेट्रोल धरलंस तर साडेपाच लिटर जास्त. ऐकायला काही नाही वाटत, पण रिझर्व्हमधून जातात ते.

हा आकडा मी मुद्दाम दिला. एकदा दोन मुलांना हाच रूट दिला होता, एकाने कागदावर केला, तासभर घाम गाळून, दुसऱ्याने टॅब्लेटवर दोन मिनिटांत, आणि बाहेर येऊन पहिल्याला हसत बसला. कागदवाल्याचं उत्तर ८२, टॅब्लेटवाल्याचं ६८. मी विचारलं, काय रे, वारा कुठाय? म्हणाला सर ॲप घेतं की आपोआप. घेतं, इंटरनेट असलं तर. होस्टेलला रात्री नेट गेलेलं, विंडचा डेटा उतरलाच नव्हता, ॲपने निमूटपणे शून्य वारा धरून उत्तर दिलं आणि कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरात तसं लिहिलंही होतं. ते वाचणार कोण? त्या पोराला ८२ यायला पाहिजे होते हे डोक्यात असतं तर ६८ बघून तो थबकला असता. कागदावर निदान पन्नास नॅव्हलॉग, म्हणजे रूटच्या हिशोबाचे तक्ते, भरल्याशिवाय ते थबकणं येत नाही, आणि ज्याला येतं त्याच्या हातात ॲप खरंच सोन्याचं आहे, कारण आता दोन उत्तरं आहेत आणि एक दुसऱ्याला पकडतं.

आणि ती रेष. ॲप तुला सरळ गुलाबी रेष काढून देतं, ती कोयनेच्या जंगलावरून जाते, खाली साडेतीन-चार हजार फुटांचा कडा, पाणी, झाडी, इंजिन खोकलं तर उतरायचं कुठे? पश्चिमेकडे जाताना सम हजार अधिक पाचशे, म्हणजे साडेचार हजार की साडेसहा हजार, तर साडेचारला पायाशी डोंगर आणि पोटात गोळा, साडेसहाच घ्यायचे. तेच तू कराडवरून वळवून घेतलंस तर रूट साधारण ११२ मैलांचा होतो, दहाच मैल जादा, पण घाटाच्या तोंडाशी कराडची धावपट्टी हाताशी राहते. पुढे चांदोलीचं रान काही चुकत नाही, ते खरं, पण निदान ढग घाटमाथ्यावर टेकलेले दिसले तर मागे वळून उतरायला जागा आहे. हे ॲपला सुचत नाही. तुला सुचायला पाहिजे, आणि ते नकाशावर बोट फिरवत बसल्यानेच सुचतं. बोटावरून आठवलं, वन मिलियनच्या नकाशावर दहा नॉटिकल मैल म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरच्या थोडं वर, आपल्या अंगठ्याची रुंदी साधारण तेवढीच. डायव्हर्जनला, म्हणजे वाटेतच ठिकाण बदलायच्या परीक्षेत, चेकर अचानक म्हणतो चल आता कराडला, तेव्हा अंगठे टाकत मोजायचे, चार अंगठे, चाळीस मैल, अर्धा तास. टॅब्लेट त्या वेळी त्यानेच बंद करायला लावलेला असतो.

तुझ्या बाबांना विचार, बोटीवर जीपीएस आणि फिशफाइंडर आल्यावर त्यांनी किल्ल्याचा बुरूज आणि दीपगृह एका रेषेत धरून बंदरात शिरायचं सोडलं का. माझ्या ओळखीतल्या एकाही तांडेलाने ते सोडलेलं मला माहीत नाही.

हवामानावर थोडं जास्त लिहितो कारण कोकणात इथेच फसायला होतं. बऱ्याच ॲपमध्ये नकाशावर विमानतळांवर रंगीत ठिपके येतात, हिरवा म्हणजे व्हीएफआर, निळा म्हणजे काठावरचं, लाल म्हणजे इन्स्ट्रुमेंट. पोरांना वाटतं हिरवा-निळा म्हणजे चला. अरे पण हे रंग अमेरिकन हिशोबाचे आहेत. निळा ठिपका सीलिंग, म्हणजे ढगांच्या तळाची उंची, हजार ते तीन हजार फूट असताना येतो. आपल्याकडे कंट्रोल झोनमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवेत, सीलिंग १५०० फुटांच्या खाली किंवा व्हिजिबिलिटी ५ किलोमीटरच्या खाली असेल तर व्हीएफआर नाही, स्पेशल व्हीएफआर मिळालं तर गोष्ट वेगळी. म्हणजे १२०० फुटांचं सीलिंग असेल तर ठिपका निळा आणि तुझं उड्डाण बंद. तसंच ॲपमध्ये व्हिजिबिलिटी मैलात येते, सेटिंगमध्ये जाऊन मीटर कर, प्रेशर हेक्टोपास्कल कर, पेट्रोल लिटर कर, पहिल्या दिवशीच. एकाने इंचातलं प्रेशर वाचून मला १०१२ च्या जागी २९ पॉइंट काहीतरी सांगितलं होतं, मी म्हटलं बाबा आपण अजून बारामतीतच आहोत.

दुसरं म्हणजे ॲप ज्या मेटारवरून, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालावरून, चित्र रंगवतं ते मेटार देणारी ठिकाणं आपल्या किनाऱ्यावर मोजकी. मुंबईचं मिळेल, गोव्याचं मिळेल, मधल्या जवळजवळ चारशे किलोमीटरमध्ये काय चाललंय हे ॲप मॉडेलवरून अंदाजाने रंगवतं. फेब्रुवारीत सकाळी सात वाजता जयगडच्या खाडीवर कापूस पिंजून टाकल्यासारखं धुकं असतं, दहाला गायब, ते कुठल्या ठिपक्यात येणार? मेच्या शेवटी दुपारी तीननंतर घाटावर ढग फुगायला लागतात आणि तासाभरात काळे होतात. त्यासाठी हवामान खात्याची ऑनलाइन ब्रीफिंगची साइट वापर, मुंबई आणि गोव्याच्या रडारची चित्रं बघ, इन्सॅटची सॅटेलाइट चित्रं बघ, हे सगळं फुकट. आणि गावात कोणाला तरी फोन लाव. मी अजूनही लावतो. विंडी वगैरे ॲप कल समजायला छान आहेत, निर्णय त्यावर घ्यायचा नाही.

आता यंत्राकडे येऊ, कारण तुझे खरे पैसे तिथे जाणारेत. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. सिमवाल्यात असते, सिम घातलं नाहीस तरी चालते. दुकानदार हे सांगत नाही, बहुतेकांना माहीतच नसतं. आणि फसवणूक कशी होते बघ, होस्टेलमध्ये वायफायवाल्यातसुद्धा निळा ठिपका अगदी बरोबर जागी येतो कारण तो आजूबाजूच्या वायफायवरून जागा ओळखतो. एक मुलगा माझ्याबरोबर असा आला, जमिनीवर सगळं फर्स्ट क्लास, वर गेलो आणि विमान स्क्रीनवर पार्किंगमध्येच उभं. वीस मिनिटं झाली तरी पार्किंगमध्येच! तो सारखा ॲप बंद करून चालू करतोय, बाहेर काय चाललंय त्याला पत्ता नाही, उंची तीनशे फूट उतरली तेव्हा मी कंट्रोल घेतला. ब्लूटूथवरचा वेगळा जीपीएस रिसिव्हर घेता येतो, पण मग वाचवलेले दहा-पंधरा हजार तिथेच गेले आणि चार्ज करायला आणखी एक डबा वाढला. घ्यायचाच तर सिमवाला घे, मिनी घे, तो मांडीवरच्या नीबोर्डवर बरोबर बसतो. मोठा घेतलास तर १५२ च्या कॉकपिटमध्ये कंट्रोल कॉलम मागे ओढताना त्याच्यावर आदळतो, त्या विमानात दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, जागा आहेच कुठे. वापरलेला दोन-तीन वर्षांचा मिनी चालतो, बॅटरी तेवढी तपासून घे.

उन्हाचं सांगतो. ॲपल स्वतः म्हणतं की हे यंत्र ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरा. एप्रिलमध्ये देशावर ॲप्रनवर उभ्या विमानात आत शिरलास की हँडल हाताला चटका देतं. माझा स्वतःचा टॅब्लेट एकदा टॅक्सी करतानाच काळा झाला, स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आणि थंड होऊ द्या म्हणून पाटी, काच चटका लागेल इतकी तापलेली, आणि गंमत म्हणजे चार्ट सगळे त्यातच. त्या दिवशी कागद होता म्हणून गेलो, नाहीतर परत फिरावं लागलं असतं. तेव्हापासून विमानात जाईपर्यंत तो पिशवीत, उडताना चार्जिंगला लावत नाही, ब्राइटनेस लागेल तेवढाच, कव्हर काढलेलं.

कव्हर काढायचं आणखी एक कारण आहे जे कोणी सांगत नाही. त्या घडीच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असतात. एका मुलाने ते डॅशबोर्डवर होकायंत्राच्या खाली टेकवून ठेवलं होतं, रनवेवर लाइन अप झालो तर होकायंत्र रनवेपेक्षा बारा डिग्री बाजूला. तो बिचारा डायरेक्शन इंडिकेटर होकायंत्राला जुळवायला निघाला होता, म्हणजे चुकीला चूक जोडून द्यायला. मी काही न बोलता कव्हर उचललं आणि मागच्या सीटवर टाकलं, होकायंत्र डुलत डुलत आपल्या जागी आलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

जीपीएसवर आंधळा विश्वास नको हे आता मोठ्या विमानांनाही कळलंय. सिग्नलमध्ये ढवळाढवळ होते, खोटे सिग्नल सोडले जातात, डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये यावर परिपत्रक काढलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आसपास हे घडल्याचं सरकारने संसदेत मान्य केलं. एअरलाइनच्या विमानात त्याला पर्याय म्हणून बाकीची यंत्रं असतात. तुझ्या विमानात घड्याळ, होकायंत्र आणि खिडकी.

बाकी किरकोळ. नेट वर मिळत नाही, आणि आपल्याकडे तर घाट उतरला की खालीसुद्धा मिळत नाही, त्यामुळे आदल्या रात्री सगळं उतरवून घे, मग एअरप्लेन मोड लावून ॲप उघडून बघ, नकाशा दिसतोय का, चार्ट उघडतोय का. लोकेशन चालू ठेवलंस तर एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतो. फ्लाइट प्लॅन ॲपमधून पाठवायचं बटण असतं, ते बघून हुरळू नको, तुला एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा) आणि एडीसी (हवाई दलाच्या परवानगीचा) नंबर घ्यायचाच आहे, तो शाळेच्या ऑप्समधून रीतसर मिळतो आणि हवाई दलाला तुझ्या ॲपशी काही देणंघेणं नाही. वेट अँड बॅलन्सचं पान वापर, पण त्यात ॲपने भरून दिलेलं विमान नको, तू ज्या विमानात बसणार त्याच्या वजनाच्या रिपोर्टमधला आकडा टाक. १५२ ची मर्यादा १६७० पौंड, म्हणजे ७५७ किलो, दोन धष्टपुष्ट माणसं आणि फुल टाकी म्हटली की काठावरच. लॉगबुक ॲपमध्ये ठेव हवं तर, अधिकृत नोंद मात्र शाळा सांगेल तशी. नॅव्हिग्राफ घरी सिम्युलेटरवर मस्त आहे, प्रॅक्टिस कर, पण ते सिमसाठीच आहे, खऱ्या विमानात आणायचं नाही.

आणि आतेभावाला एक निरोप दे. तो प्रेमाने सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं ते छोटं यंत्र, गार्मिनचं इनरीच, पाठवायच्या विचारात असेल तर नको म्हणावं. परवानगीशिवाय ते भारतात बाळगणं बेकायदा आहे, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्यात. पायलट होण्याआधीच पोलीस ठाण्याची पायरी कशाला.

मग तू काय करायचं. आता नकाशा घे, प्लॉटर घे, व्हिझ व्हील घे, दोन चांगल्या पेन्सिली आणि खोडरबर, सगळं मिळून आयपॅडच्या कव्हरएवढ्या पैशात येईल. फोनवर एआयपी आणि हवामानाच्या साइट बुकमार्क कर. घरी बसून रूट मोजायला ब्राउझरमध्ये स्कायव्हेक्टर उघड, फुकट आहे, कागदावर आलेलं अंतर आणि ट्रॅक तिथे पडताळून बघ, तेवढ्यापुरतंच. शाळेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात सीएफआयना, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टरना, विचार की टॅब्लेट कॉकपिटमध्ये चालतो का, सोलोला चालतो का, आणि उत्तर शाळेच्या लेखी नियमांत, एसओपीमध्ये, आहे का ते बघ. कित्येक ठिकाणी सोलोला सरळ नाही म्हणतात, मग तू लाखाचा दगड घेऊन होस्टेलमध्ये बसशील. क्रॉस कंट्री सुरू झाली, शाळेने हो म्हटलं, तर तेव्हा वापरलेला सिमवाला मिनी घे आणि एक महिन्याच्या ट्रायलवर दोन ॲप लावून बघ, गार्मिन पायलट आणि फोरफ्लाइट, हाच बारामती-रत्नागिरी रूट दोन्हीत टाक, वारा हाताने २७०-२० भर आणि ८२ मिनिटं येतात का बघ. ज्यात तुला कमी टिचक्या माराव्या लागतील आणि डेटा जुना झाल्याची पाटी ठळक दिसेल ते ठेव. वर्षाचं पॅकेज लगेच भरू नको. पुढेमागे कन्व्हर्जनला म्हणजे लायसन्स बदलून घ्यायला किंवा अवर बिल्डिंगला म्हणजे उड्डाणाचे तास भरायला अमेरिकेला जायचं ठरलं तर तिथे पोचल्यावर घे, तिथला इन्स्ट्रक्टर जे वापरतो तेच, म्हणजे बटणं विचारायला माणूस शेजारी असेल.

नेव्हिगेशनच्या पेपरला अजून दीड महिना आहे म्हणतोस. वरचा रूट दोन्ही प्रकारे करून बघ, सरळ आणि कराडवरून, दुसऱ्याला दोन्ही लेगचं हेडिंग वेगळं काढावं लागेल, वारा तोच धर. नॅव्हलॉगचा फोटो पाठव, खाडाखोड पुसू नकोस.